अक्कलदाढ : काढण्याआधी आणि काढल्यानंतर



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी फोन करून विचारलं, "सर, व्याख्यान तत्त्वज्ञानावर आहे की दातांवर?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. त्या पदवीच्या जोरावर कुणाच्या तोंडात डोकावण्याचा अधिकार मला नाही. म्हणून आधीच सांगतो, उपचार तुमचे दातांचे डॉक्टर सांगतील. मला बोलायचं आहे ते त्यांच्या सूचनांमागच्या कारणांबद्दल.

दाढ काढली की रुग्णाच्या हातात एक कागद येतो. थुंकू नका. चूळ भरू नका. स्ट्रॉनं पिऊ नका. तंबाखू बंद. रुग्ण मान डोलावतो, कागदाची घडी करून खिशात ठेवतो आणि घरी येतो. बाहेर रांग मोठी असते, त्यामुळे डॉक्टरांना 'का' सांगायला वेळ मिळत नाही आणि रुग्णाला विचारायला संकोच वाटतो. आमच्या विषयात आज्ञा आणि कारण यांत मोठा भेद करतात. नुसती आज्ञा ऐकलेला माणूस पाठ फिरली की ती मोडतो. कारण पटलेला माणूस एकटा असतानाही पाळतो. आणि अक्कलदाढ काढलेला माणूस रात्री दोन वाजता, गालावर हात धरून, अगदी एकटा असतो. तिथं त्याच्या उपयोगी पडतं ते कारणच.

नावाची गोष्ट

'अक्कल' हा शब्द अरबी 'अक्ल'वरून, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. वीस वर्षांच्या पोरानं मूर्खपणा केला की आपण म्हणतो, याची अक्कलदाढ अजून यायची आहे. लॅटिनमध्येही या दाढांना शहाणपणाचे दात म्हणतात. पण मला सगळ्यात आवडतं ते जुनं ग्रीक नाव, 'सोफ्रोनिस्तेरेस'. त्याच्या मुळाशी 'सोफ्रोसिनी' ही कल्पना आहे. प्लेटोचा 'खार्मिडीस' हा संवाद तिच्यावरच आहे. मराठीत तिच्या जवळचा शब्द 'संयम'. म्हणजे आपण जिला अकलेची दाढ म्हणतो, तिला ग्रीकांनी संयमाची दाढ म्हटलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अ‍ॅरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की शेवटच्या दाढा साधारण विसाव्या वर्षी येतात, आणि काही बायकांना तर ऐंशीव्या वर्षीसुद्धा वेदनेसह आल्या आहेत. निरीक्षण चांगलं आहे. पण त्याच ग्रंथात तो असंही म्हणतो की पुरुषांपेक्षा बायकांना दात कमी असतात! त्यावर बर्ट्रांड रसेल यांनी टोला मारला होता की या गृहस्थानं दोनदा लग्न केलं, पण बायकोला तोंड उघडायला सांगून दात मोजावे असं काही त्याला सुचलं नाही. तर आपण ती चूक नको करायला. तोंड उघडून बघू.

दाढ अडकते म्हणजे काय होतं

मोठ्या माणसाच्या तोंडात बत्तीस दात धरले तर त्यातल्या शेवटच्या चार अक्कलदाढा, वर दोन आणि खाली दोन. काहींच्या जबड्यात यातली एखादी तयारच होत नाही. तेही नैसर्गिकच आहे. या दाढा बहुधा १७ ते २५ या वयात बाहेर येतात. तोवर बाकीचे अठ्ठावीस आपापल्या जागा धरून बसलेले असतात. नागपूरच्या एसटीत वर्ध्याला शेवटी चढलेल्या माणसाची जी अवस्था, तीच हिची. जागा असली तर सरळ उभी राहते. नसली तर कुणाच्या तरी अंगावर रेलते, नाहीतर दारातच अडकते.

त्यातही खालची दाढ जास्त अडचणीत. जबडा जिथून कानाकडे वर वळतो, त्या वळणापाशी ती हाडाच्या आत तयार होते आणि सुरुवातीला तिचं तोंड पुढच्या बाजूला झुकलेलं असतं. जबडा वाढत जातो, मागे जागा होते, तशी ती हळूहळू सरळ होऊन वर येते. जागा झाली नाही तर ती झुकलेलीच राहते. काहींची पुढच्या दाढेवर रेलते, हा प्रकार खाली सगळ्यात जास्त दिसतो. काहींची पार आडवी झोपते. काहींची उभीच असते, पण हाडात किंवा हिरडीखाली अर्धी गाडलेली. काहींची मागे कललेली. ती एक्स-रेमध्ये साधी वाटते, पण काढायला अवघड, कारण तिची बाहेर पडायची दिशाच जबड्याच्या मागच्या हाडात जाते.

जागा का कमी पडते? थोडा भाग आनुवंशिकतेचा, थोडा अन्नाचा. शिकार करून, कंदमुळं खाऊन जगणाऱ्या जुन्या माणसांच्या कवट्यांत जबडे ऐसपैस आढळतात. वाढत्या वयात जबड्याला चावायचं काम पडलं तर हाड वाढतं. आपण धान्य दळलं, शिजवलं, मऊ केलं. जबड्याचं काम कमी झालं, दातांची संख्या मात्र तीच राहिली.

पूर्ण हाडात गाडलेली दाढ बरेचदा जन्मभर गप्प राहते. खरा उपद्रव अर्धवट बाहेर आलेलीचा. तिच्या डोक्यावर हिरडीची एक झापड राहते. त्या झापडीखाली अन्नाचे कण जातात आणि तिथं ब्रश पोचत नाही. आत जंतू वाढतात. झापड सुजते, सुजली की वरची दाढ तिच्यावरच चावते, त्यामुळे ती आणखी सुजते. शेजारीच चावण्याचे स्नायू आहेत, ते आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. गिळताना दुखतं, तोंडाला घाण वास येतो, कधी तापही भरतो. डॉक्टर याला पेरिकोरोनायटिस म्हणतात.

हे दुखणं आजचं नाही बरं का. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, मुखरोगांच्या अध्यायात 'अधिमांस' नावाचा विकार आहे. जबड्याच्या अगदी शेवटच्या दातापाशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि गळणारी लाळ अशी त्याची लक्षणं दिली आहेत. वाढलेलं मांस कापून काढा, असं चिकित्सास्थान सांगतं. त्याच अध्यायात आणखी एक विकार आहे. जास्तीचा दात येताना भयंकर ठणका लागतो आणि दात बाहेर आला की ठणका थांबतो. त्याचं नाव 'वर्धन'. आपल्या गावाच्या नावाशी जुळतं, हा योगायोग. पण जबड्यात शेवटी येणाऱ्या दातानं माणसाला किती काळापासून छळलंय, ते यावरून कळतं.

काढायची की ठेवायची?

आता खरा प्रश्न. दाढ वाकडी आहे म्हणून काढलीच पाहिजे का?

इथं वैद्यकातही एकमत नाही, आणि ते मला प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. अमेरिकेत तरुण मुलांच्या अक्कलदाढा त्रास नसतानाही काढून टाकण्याची प्रथा बरीच रुजली. ब्रिटनमध्ये २००० साली 'नाइस' या सरकारी संस्थेनं सांगितलं की अडकलेल्या पण रोग नसलेल्या दाढा केवळ पुढची काळजी म्हणून काढणं बंद करा. दोन्हीकडे शहाणीच माणसं आहेत. मग फरक कुठे? एक बाजू म्हणते, लहान वयात मुळं पुरती तयार झालेली नसतात, हाड लवचिक असतं, जखम लवकर भरते, आत्ताच काढलेली बरी. दुसरी म्हणते, जी कदाचित कधीच त्रास देणार नाही तिच्यासाठी शस्त्रक्रियेचा धोका का घ्यायचा? भविष्य माहीत नसताना निर्णय कसा घ्यायचा हा आमच्या नीतिशास्त्राचा जुना प्रश्न, तो इथं एका दाढेत उभा आहे.

तरी काही बाबतीत वाद नाही. झापडीची सूज पुन्हापुन्हा येत असेल, दाढ किडून भरण्यापलीकडे गेली असेल, तिच्या रेलण्यानं पुढची चांगली दाढ किडत असेल, किंवा तिच्याभोवती हाडात गाठ तयार झाली असेल, तर ती काढावी. उलट कुणी म्हणालं की पुढचे दात वाकडे होऊ नयेत एवढ्यासाठी काढून टाका, तर थोडं थांबून दुसरं मत घ्या. अक्कलदाढा ढकलतात म्हणून पुढचे दात वाकडे होतात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. जी गप्प आहे तिला दर वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टरांना दाखवत राहावं. ठेवायची म्हणजे विसरायची नाही.

आपल्याकडे मात्र जास्त दिसतं ते उलटंच. सूज येते, माणूस मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणतो, चार दिवसांत बरं वाटतं. "सोयाबीन निघू दे, मग बघू." मग कापूस येतो, मग लग्नसराई. गोळीनं सूज उतरते, झापड आणि तिच्याखालची जागा तशीच राहते. डॉक्टरही कित्येकदा आधी सूज उतरवतात आणि मग दाढ काढू म्हणतात. त्यातलं 'मग' आपण सोडून देतो. क्वचित, पण खरोखर असं होतं की तिथला पू जबड्याखाली आणि गळ्याकडे पसरतो. गळ्याची जागा अरुंद, सूज श्वासापर्यंत पोचते. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, जिभेखाली किंवा गळ्याला टणक सूज आली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री असेल तर रात्रीच मोठं रुग्णालय गाठा.

आणि त्या बाबतीत वर्ध्यातली माणसं नशीबवान. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगीला रुग्णालय आहे आणि शरद पवार दंत महाविद्यालयही आहे. दंत महाविद्यालयात मुख व जबडा शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असतो. पदव्युत्तर विद्यार्थी तिथं वरिष्ठांच्या देखरेखीखाली अशा दाढा नेहमी काढतात. "शिकणारी पोरं आहेत" म्हणून घाबरू नका. मी जन्मभर शिकवलंय. मागे शिक्षक उभा असताना विद्यार्थी जितका काळजीपूर्वक काम करतो, तितका पुढे क्वचितच करतो.

सही करण्याआधी

शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही घेतात. बहुतेक जण न वाचता करतात.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक नळी जाते आणि तिच्यातून खालच्या ओठाला व हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. दाढेची मुळं कधी कधी या नळीला टेकलेली असतात. आतल्या बाजूनं, जिभेकडे, जिभेची नस जाते. दाढ काढताना यांतली एखादी दुखावली तर ओठ किंवा जीभ बधिर राहू शकते. शंभरात काही थोड्या जणांना असं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. मूळ नळीला चिकटून असेल तर धोका वाढतो. म्हणून आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढतात. शंका असली तर त्रिमितीय स्कॅन करतात. धोका फारच असेल तर कधी कधी नुसतं दाढेचं डोकं कापून काढतात आणि मुळं जागेवरच ठेवतात. तेव्हा सही करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : "माझ्या दाढेची मुळं नसेच्या किती जवळ आहेत?"

संमतीचा विषय निघाला की मला १९२४ साल आठवतं. गांधीजी तेव्हा येरवड्याला कैदेत होते. अपेंडिक्स सुजलं आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. याच गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर कडक टीका केली होती. आणि शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक तर ज्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं त्याच सरकारचे! मुंबईहून ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. तेव्हा श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं, त्यांच्या समोर निवेदन तयार झालं आणि गांधीजींनी थरथरत्या हातानं त्यावर सही केली. १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली, आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. बारा वर्षांनी हाच माणूस आपल्या सेवाग्रामात, तेव्हाच्या शेगावात, राहायला आला.

या प्रसंगातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्यांनी डॉक्टरी पेशाबद्दलचं मत बदललं म्हणून सही केली नाही, आणि घाबरूनही केली नाही. थांबलं तर काय, केलं तर काय, हे समजून घेतलं आणि मग हो म्हटलं. संमती म्हणजे एवढंच. आपल्या दाढेसाठी कंदिलाची वेळ येणार नाही, पण समजून घ्यायला दहा मिनिटं आहेत. ती वापरा.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टीही आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप बदललेली असणं, दमा, मूत्रपिंडाचा आजार, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं तर आठवणीनं सांगा. त्यांतल्या काहींमुळे जबड्याचं हाड भरायला त्रास होतो.

त्या अर्ध्या-पाऊण तासात

बहुतेकांची शस्त्रक्रिया जागेवरच भूल देऊन होते. लिग्नोकेनचं इंजेक्शन, त्यात थोडं अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात आणि भूल जास्त टिकते. ओठ जड झाला, सुजल्यासारखा वाटला, की भूल चढली. पण भुलेनं वेदना जाते, स्पर्शाचा दाब जात नाही. ढकलणं, ओढणं, ड्रिलचा आवाज हे सगळं जाणवतं, आणि "भूल चढलीच नाही" असं वाटून माणूस घाबरतो. टोचल्यासारखं दुखलं तर डावा हात वर करा, डॉक्टर थांबतील. नुसता दाब असेल तर तो अपेक्षितच आहे.

पुढचं काम म्हटलं तर सुताराचं. हिरडी कापून बाजूला करायची, दाढेवरचं थोडं हाड ड्रिलनं घासायचं, तापू नये म्हणून वरून सलाइनची धार. दाढ अख्खी निघत नसेल तर तिचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढायचा. तुकडे केले म्हणजे काही बिघडलं असं नाही. तुकडे केल्यानं हाड कमी कापावं लागतं. मग जागा धुऊन दोन-तीन टाके. काही टाके आपोआप विरघळतात, रेशमाचे असतील तर आठवड्यानं काढतात.

डॉक्टरांचं काम इथं संपतं. तुमचं सुरू होतं.

गुठळी

दाढ निघालेल्या खड्ड्यात रक्त भरतं आणि थोड्या वेळात त्याची गुठळी होते. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या : ती गुठळी हेच तुमचं औषध आहे. उघड्या हाडावरचं ते झाकण आहे. तिच्यातच नव्या पेशी येतात, तिच्या जागी नवं ऊतक तयार होतं, पुढे हाड भरतं. कागदावरच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका गुठळीसाठी आहेत. आता त्या परत वाचा, बघा कशा उलगडतात.

कापसाचा बोळा पाऊण ते एक तास दाबून धरा, कारण दाबानं रक्त थांबतं आणि गुठळी बसते. सारखा काढून बघू नका, बघताना ती निघून येते. थुंकू नका, कारण थुंकण्याआधी आपण तोंडात ओढ निर्माण करतो, आणि ती ओढ गुठळी उचलते. लाळ गिळून टाका. लाळेत थोडं रक्त मिसळलं की चमचाभर लाल दिसतं, घाबरू नका. स्ट्रॉ नको, तिथंही तीच ओढ. उसाचा रस नंतर प्या. पहिले चोवीस तास चूळ नको, कारण ताजी गुठळी धुऊन जाते. गरम चहा नको, त्यानं रक्तवाहिन्या उघडतात.

घरची माणसं प्रेमानं चूक करतात ती शेकाची. पहिल्याच रात्री गरम पाण्याची पिशवी गालाला लावतात. पहिला दिवस-दीड दिवस थंड लावायचं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं लावून तेवढाच वेळ थांबायचं. गरम शेक दोन दिवसांनंतर. हळद, तुरटी, मशेरी, लवंगेचं तेल असलं काही खड्ड्यात भरू नका. झोपताना दोन उशा घ्या, डोकं उंच असलं की सूज कमी येते.

भूल दोन ते चार तासांनी उतरते. वेदनेची पहिली गोळी ती उतरायच्या आधीच, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितली तीच घ्या. ओठ बधिर असताना चावून खाऊ नका, स्वतःचाच गाल चावला जातो आणि कळतही नाही. मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर त्यासोबत दारू चालत नाही. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरीही सांगून ठेवतो. (हशा)

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं, जेवणानंतर, हलकेच. खळखळून नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडेतिकडे झुकवायची आणि पाणी आपोआप बाहेर पडू द्यायचं. बाकीचे दात पहिल्या दिवसापासून घासा.

जेवण मऊ आणि कोमट. ज्वारीची आंबील, दही-भात, गुरगुट्या खिचडी, केळं, शिरा. तर्रीपोहे आठवडाभर विसरा. चिवडा, फुटाणे, सांबारवडीचं कुरकुरीत आवरण नको. गोरसपाकसुद्धा नको, त्याचा भुगा सरळ खड्ड्यात जाऊन बसतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. हे आधी माहीत नसलं की माणूस तिसऱ्या दिवशी आरशात बघतो आणि म्हणतो, डॉक्टरनं बिघडवलं. तसं नसतं. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायला लागते, तोंड हळूहळू उघडायला लागतं, आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. पण तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच असेल, ताप, पू, न थांबणारं रक्त, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यांतलं काहीही असेल तर फोन करा, जा. दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर असेल तर तेही सांगा.

आणि गुठळी गेलीच तर? तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बरं वाटायला लागलेलं असताना, अचानक ठणका सुरू होतो. कानापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही, वास येतो. खड्डा रिकामा आणि आतलं हाड उघडं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर तो इतर दातांपेक्षा जास्त होतो, आणि तंबाखू ओढणाऱ्यांत आणखी जास्त. सगळं नीट पाळूनही कधी होतो, म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. डॉक्टरांकडे जा. ते खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात, तिच्यात बहुधा लवंगेतलंच युजेनॉल असतं, आणि बरेचदा त्याच दिवशी आराम पडतो. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते. आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तेवढं मागे राहिलेलं काम शरीर तुम्हाला न कळवता करत राहतं.

आता ते ग्रीक नाव आठवा. या सगळ्या सूचनांत 'करा'पेक्षा 'नका' जास्त आहेत. जीभ सारखी त्या खड्ड्याकडे जाते, तिला आवरायचं. आपल्याला उपचार म्हणजे काहीतरी लावणं, काहीतरी घेणं वाटतं. इथं शरीराला त्याचं काम करू देणं हाच उपचार आहे. अकलेपेक्षा संयमाचं नाव या दाढेला जास्त शोभतं ते म्हणून.

प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, दाढ काढली का डोये जाते म्हणतेत. खरं हाये का हे?

नाही. पण ही समजूत आली कुठून ते बघू. सुश्रुतानंच सांगून ठेवलंय की वरचा दात हलत असला तरी उपटू नये, रक्त फार जातं, आंधळेपणा किंवा तोंड वाकडं होण्यासारखे विकार होतात. भूल नव्हती, जंतूंवर औषध नव्हतं, त्या काळात दात उपटणं हे जिवावरचं काम होतं. ती सावधगिरी त्या काळाला शोभणारी होती. आज आपल्याला ठाऊक आहे की दातांच्या नसा चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूच्या फांद्या आहेत आणि दृष्टीचा मज्जातंतू पूर्ण वेगळा, दुसरा. मग लोकांचा अनुभव कसा जुळतो? दात हलायला लागतात चाळिशी-पन्नाशीत, आणि जवळचं दिसेनासं होतं तेही त्याच वयात. दात काढला, सहा महिन्यांनी चष्मा लागला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली! आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. एका पाठोपाठ दुसरं झालं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण होत नाही.

प्रश्न : खर्रा किती दिवसांनी चालेल?

(हशा) हसू नका, प्रामाणिक प्रश्न आहे. जखम भरेपर्यंत तर मुळीच नाही. तंबाखूनं जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो, चुन्यानं ती भाजते, सुपारीचा चुरा खड्ड्यात बसतो. आणि खर्रा म्हणजे दर दोन मिनिटांनी थुंकणं. गुठळीचे सगळे शत्रू एका पुडीत!

पण माझं उत्तर त्याच्या पुढचं आहे. सुपारी-खर्रा वर्षानुवर्षं खाल्ल्यानं गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं, तिखट सोसवत नाही, आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. त्यातून पुढे काहींना कर्करोग होतो. अशा माणसाची अक्कलदाढ दुखायला लागली तर तिच्यापर्यंत हत्यारच पोचत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर हातानं घोटूनच मिळतो. आता घरी गेल्यावर आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दाढ दुखायची वाट बघू नका, आधी तोंड दाखवा. दाढेच्या निमित्तानं दहा दिवस खर्रा सोडावा लागणारच आहे. अकरावा दिवस सुरू करायचा की नाही, एवढंच ठरवायचं आहे. दहा दिवस जमले, म्हणजे जमतं हे सिद्ध झालं. याहून सोपा युक्तिवाद माझ्याकडे नाही.

प्रश्न : चारही दाढा एकदम काढाव्यात का?

हे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन चारही काढतात, एकदाच त्रास होतो. जागेवरच्या भुलेत काढायच्या असतील तर बरेच डॉक्टर एका वेळी एकच बाजू करतात, म्हणजे दुसऱ्या बाजूनं जेवता येतं. पण त्याआधी तुम्ही दुसराच प्रश्न विचारा : चारही काढायची गरज आहे का? एक दुखते म्हणून बाकी तिघींना शिक्षा नको.

वेळ झाली.